सही कुणाची?





दरवर्षी १५ सप्टेंबरला आपल्या शाळेत अभियंता दिन साजरा होतो. प्रार्थनेनंतर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घातला जातो, एखादा विद्यार्थी त्यांचे चरित्र सांगतो आणि शेवटी आम्ही दोन शब्द बोलतो. ते दोन शब्द गेली कित्येक वर्षे जवळजवळ तेच आहेत, हे कबूल करायला हरकत नाही. यंदा मात्र कार्यक्रम संपल्यावर आठवीतला एक मुलगा कार्यालयाच्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाई, विश्वेश्वरय्या सिव्हिल इंजिनीयर होते ना? मग माझे बाबा असं का म्हणतात, की कुठेच नंबर लागला नाही तर सिव्हिल घे?"

आम्ही त्याला "आधी अभ्यास कर, मग बघू" असे सांगून वर्गात पाठवले. उत्तर सुचले नाही की मोठी माणसे असेच सांगतात. पण प्रश्न मनातून गेला नाही. त्याला द्यायचे राहिलेले उत्तर आज या पानावर लिहीत आहोत. त्यात एक जुनी गोष्टही सांगायची आहे. ती आमच्या स्वतःच्या चुकीची आहे आणि आपल्या विश्वस्त मंडळींपैकी काहींना ठाऊक आहे. मुलांना आणि पालकांना मात्र ती कधी सांगितली नव्हती.

प्रथम या शब्दाविषयी. 'सिव्हिल' म्हणजे नागरी. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये इंजिनीयर म्हटला की तो फौजेतला माणूस असे. किल्ले, खंदक, तोफांचे मोर्चे हे त्याचे काम. जॉन स्मीटन हे गृहस्थ दीपगृहे, पूल आणि कालवे बांधत. आपले काम लढाईचे नसून नागरिकांचे आहे म्हणून ते स्वतःला सिव्हिल इंजिनीयर म्हणवून घेऊ लागले. १८१८ मध्ये लंडनला या लोकांची संस्था स्थापन झाली. आपल्या देशात १८४७ मध्ये रुरकीला कॉलेज निघाले, ते गंगा कालव्यासाठी माणसे तयार करायला. १८५४ मध्ये पुण्यात असाच वर्ग सुरू झाला आणि त्याचेच पुढे इंजिनीयरिंग कॉलेज झाले. विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. म्हैसूरचे दिवाण ते फार पुढे, १९१२ मध्ये झाले. आधी ते नाशिक-खानदेशात पाण्याची कामे करत हिंडणारे अभियंता होते.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे आमच्या कानाला 'यंत्री' हा शब्द जास्त सवयीचा. उपयंत्री, सहायक यंत्री, कार्यपालन यंत्री, अधीक्षण यंत्री अशा पाट्या आपण मध्य प्रदेशात सगळीकडे पाहतो. गावोगावच्या पिण्याच्या पाण्याचे काम ज्या खात्याकडे आहे, त्याचे नाव 'लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभाग'. हे नाव आम्ही लहानपणापासून वाचत आलो, पण त्याचा अर्थ कधी मनावर घेतला नव्हता. लोकांचे स्वास्थ्य राखणारी यांत्रिकी. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकात पटकीच्या साथी येत आणि हजारो माणसे मरत. जोसेफ बाझलजेट या अभियंत्याने शहराखाली सांडपाण्याची मोठमोठी भुयारी गटारे बांधली. १८६६ ची शेवटची मोठी साथ शहराच्या ज्या पूर्व भागात पसरली, तिथे हे काम अजून पुरे व्हायचे होते. डॉक्टर आजाऱ्याला बरे करतात, म्हणून आपण त्यांचे पाय धरतो. आजारी पडलोच नाही, त्याबद्दल कुणाचे आभार मानायचे हे आपल्याला सुचत नाही.

आपल्या ग्वाल्हेरचेच पाहा. लष्कर असो की मुरार, सकाळी नळ सोडला की जे पाणी येते ते मुख्यतः तिघरा धरणाचे. सांक नदीवरचे हे धरण शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर आहे. १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी पुण्याजवळ खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पाणी ठराविक पातळीच्या वर चढले की दरवाजे आपले आपण उघडत आणि पाणी उतरले की मिटत. तिथे ते यशस्वी झाले, म्हणून तीच पद्धत पुढे आपल्या तिघऱ्याला आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागराला वापरली गेली. ज्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो, त्यांचा आपल्या नळाशी असा जवळचा संबंध आहे.

मुलांना आम्ही एवढेच सांगून थांबत होतो. पण तिघऱ्याची दुसरीही एक गोष्ट आहे. १९१६ च्या सुमारास पुरे झालेले हे धरण १९१७ च्या ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात फुटले. धरणाच्या पायाखालच्या वालुकाश्मात पाणी शिरले आणि बांध ढासळला. खालच्या अंगाच्या गावांत मोठी प्राणहानी झाली. नंतर ते दुरुस्त करून मजबूत केले गेले आणि त्याचेच पाणी आज आपण पितो. वर कितीही उत्तम दरवाजे बसवले तरी खाली दगड कसा आहे हे आधी पाहावे लागते, हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला. अभियंता दिनाच्या भाषणात ही गोष्टही यायला हवी होती, असे आता वाटते.

आमच्या लहानपणी मोहल्ल्यात एक ओव्हरशियरसाहेब राहत. पगार काही फार नसावा. सायकलने जात-येत. पण ते रस्त्याने निघाले की ओट्यावर बसलेली माणसे उठून नमस्कार करत. कुणी घर बांधायला काढले की आधी त्यांना बोलावून पाया दाखवी. ते खड्ड्यात उतरून माती हातात घेऊन पाहत आणि "अजून दोन फूट खाली जा" म्हणत. आणि माणूस निमूटपणे दोन फूट खाली जाई.

आज तसे राहिलेले नाही. कम्प्यूटरच्या शाखा आधी भरतात, कारण तिथे पगार लवकर आणि वातानुकूलित खोलीत मिळतो. हे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक लाजिरवाणे आहे. 'इंजिनीयर म्हणजे कमिशन' असे आपण सहज बोलतो, मुलांसमोर बोलतो. आणि वर्तमानपत्रे रोज त्यात भर घालतात. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातेत मोरबीचा झुलता पूल दुरुस्तीनंतर खुला होऊन चार दिवस होतात न होतात तोच तुटला आणि १३५ माणसे गेली. २०२४ च्या पावसाळ्यात बिहारमध्ये थोड्याच आठवड्यांत दहाच्यावर लहानमोठे पूल पडले. ९ जुलै २०२५ ला वडोदऱ्याजवळ महीसागर नदीवरचा गंभीरा पूल कोसळला आणि किमान वीस जणांचा जीव गेला. आपल्या भोपाळच्या ऐशबागच्या पुलाचे वळण तर २०२५ च्या जूनमध्ये देशभर थट्टेचा विषय झाले आणि सात अभियंते निलंबित झाले. त्या पुलाची चित्रे आपल्या नववीच्या मुलांनी आम्हाला मोबाइलवर दाखवली. सगळा वर्ग हसत होता. आम्हीही हसलो.

मग बाबा 'सिव्हिल नको' म्हणतात यात नवल काय?

आता आमची गोष्ट.

आपली जुनी इमारत १९८६ ची. २०१८ मध्ये प्रयोगशाळेला जागा कमी पडू लागली, म्हणून तिच्यावर आणखी दोन खोल्या चढवायचे ठरले. एका सद्गृहस्थांनी वडिलांच्या स्मरणार्थ देणगी देऊ केली होती. वर्षाच्या आत उद्घाटन व्हावे एवढीच त्यांची अट होती. मंजुरीसाठी इमारत वरचा भार सोसू शकते असे अभियंत्याचे प्रमाणपत्र लागणार होते. आम्हाला लगेच आपली एक माजी विद्यार्थिनी आठवली. ती शहरातच अशा कामांचा सल्ला देण्याचा स्वतंत्र व्यवसाय करते.

इथे आणखी एक कबुली. ही मुलगी २००६ मध्ये बारावी झाली, तेव्हा तिच्या वडिलांना आम्हीच समजावले होते, "भाऊसाहेब, मुलीची जात आहे, उन्हातान्हात साइटवर कुठे फिरणार? कम्प्यूटर घेऊ द्या." तिने ऐकले नाही. बारा वर्षांनी आम्ही तिलाच फोन करून म्हणालो, "अगं, आपल्या शाळेचं काम आहे. येऊन एक सही करून जा."

ती आली. सही केली नाही. तिने आधी इमारतीचा मूळ नकाशा मागितला. खांबांत सळ्या किती, पाया किती खोल, इमारत किती मजल्यांसाठी आखली होती, हे त्यात असते. आम्ही कपाटे शोधली. १९८६ च्या उद्घाटनाचे फोटो मिळाले. मंडपाचे आणि फराळाचे बिल मिळाले. देणगीदारांची नावे तर दारातल्या संगमरवरी पाटीवर आहेतच, पंखा देणाऱ्यांपासून घंटा देणाऱ्यांपर्यंत. इमारत कुणी आखली त्याचे नाव ना पाटीवर, ना कुठल्या कागदावर. नकाशा मिळाला नाही.

ती म्हणाली, "बाई, मग तपासणी करावी लागेल. तोवर मला काही लिहून देता येणार नाही." तपासणीला महिना दीड महिना लागणार होता आणि खर्च वेगळा. आम्ही तिला सांगितले की तीस वर्षे इमारत उभी आहे, एक भेग नाही, तू उगीच घाबरतेस. विश्वस्तांच्या बैठकीत आम्ही तिची बाजू मांडली नाही. उलट "मुलगी हुशार आहे, पण अनुभव कमी" असे म्हटले. हे वाक्य आमचेच होते. इतिवृत्तात आहे.

मग कुणीतरी दुसऱ्या एका गृहस्थांचे नाव सुचवले. ते आले. पंधरा मिनिटांत इमारत पाहिली, चहा घेतला, रक्कम सांगितली आणि खिशातले पेन काढले. आम्हाला तेव्हाही काही गैर वाटले नाही, उलट हायसे वाटले. भूमिपूजनासारखा छोटा कार्यक्रम करायचे ठरले. तारीख निघाली.

त्या तारखेच्या आठ दिवस आधी आपल्या विद्यार्थिनीचे पत्र आले. प्रत्येक विश्वस्ताला वेगळी प्रत. 'इमारतीची तपासणी न करता वरचा मजला चढवणे माझ्या मते धोक्याचे आहे. तरीही काम होणार असल्यास माझे हे मत लेखी नोंदवून ठेवावे,' एवढेच तीन-चार ओळींचे पत्र. त्या दिवशी कार्यालयात फार कडू बोलले गेले. आपल्याच मुलीने शाळेला नोटीस दिली, असे शब्द होते. आम्ही तिला फोन केला आणि रागावून बोललो. ती शांतपणे म्हणाली, "बाई, या वरांड्यात मी सात वर्षं डबा खाल्लाय. तिथे आता दुसरी मुलं बसतात. मी सही केली असती तर तुम्ही खूश झाला असता. पण मला झोप लागली नसती."

लेखी कागद हाती आल्यावर दुर्लक्ष करण्याची कुणाचीच छाती झाली नाही. काम थांबले. तपासणी झाली. एका यंत्राने खांबांवर ठोके देऊन काँक्रीट किती कठीण आहे ते पाहिले, काही ठिकाणी गोल नमुने कापून काढून प्रयोगशाळेत दाबून फोडले आणि वरांड्याच्या खांबांचे प्लास्टर काढून आतल्या सळ्या उघड्या केल्या.

विद्यार्थ्यांसाठी हे जरा समजावून सांगू. काँक्रीटमधल्या लोखंडाला गंज चढत नाही, कारण सिमेंटच्या अल्कधर्मी थरात ते सुरक्षित असते. पण वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल आत शिरत जाते आणि ते संरक्षण कमी होते. म्हणून सळईवर काँक्रीटचे पुरेसे जाड आवरण लागते. खांबाला ते साधारण ४० मिलिमीटर असावे असे मानक आहे. आपल्या वरांड्याच्या दोन खांबांत ते कुठे कुठे दहाच मिलिमीटर निघाले. गंजलेले लोखंड फुगते आणि बाहेरच्या काँक्रीटला आतून फोडू लागते. बाहेर भेग दिसेपर्यंत आत बरेच काही झालेले असते.

काँक्रीटही ठरलेल्यापेक्षा कमजोर निघाले. कारण आपल्या निवृत्त शिपाईकाकांनी सांगितले. जुलैत शाळा भरवायची म्हणून ते काम मे-जूनच्या उन्हात घाईने उरकले होते. पाण्याचा टँकर एक दिवसाआड येई. सिमेंट वाळून घट्ट होते असा आपला समज असतो, पण खरे म्हणजे ते पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. म्हणून भरल्यानंतर किमान सात दिवस आणि आपल्याकडच्यासारख्या कोरड्या उन्हाळ्यात दहा दिवस तरी त्याला सतत ओले ठेवायचे असते. इकडे आपण त्याला तराई म्हणतो. तराईत हयगय झाली की ती कसर पुढे कधीच भरून निघत नाही.

पुढे जे झाले ते आपल्याला दिसतेच आहे. खांबांना बाहेरून नवे काँक्रीट आणि सळ्यांचे वेष्टन घालून बळकट केले. त्याला दोन खोल्यांपेक्षा जास्त खर्च आला. देणगीदारांनी समजून घेतले, ही त्यांची थोरवी. प्रयोगशाळा मैदानाच्या कडेला वेगळ्या पायावर बांधली आणि आपले खो-खोचे मैदान लहान झाले. एक वर्ष सहावीचे वर्ग वाचनालयात भरले. त्यावेळी पालकांनी तक्रारी केल्या. त्यांना आम्ही 'दुरुस्ती चालू आहे' एवढेच सांगितले. खरे कारण आज सांगत आहोत.

वरच्या दोन खोल्या बांधल्या असत्या तर इमारत पडली असती का? हे कुणीच सांगू शकत नाही. कदाचित आणखी वीस वर्षे उभी राहिली असती. या व्यवसायाची अडचण हीच आहे. न पडलेल्या छपराची बातमी होत नाही. नकार देणाऱ्या अभियंत्याच्या वाट्याला फक्त आपला राग येतो. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत कित्येक नव्या बहुमजली इमारती बसल्या. त्यांतल्या पुष्कळ इमारतींचा तळमजला मोटारी ठेवायला नुसत्या खांबांवर मोकळा सोडला होता. त्या इमारतींच्या कागदांवरही कुणाची तरी सही असेलच. ती करताना कुणी नकार दिला होता का आणि दिला असेल तर दुसरे पेन किती लवकर निघाले, हे आपल्याला कधी कळणार नाही.

आता सर्वांत वाईट भाग. तपासणी, अहवाल आणि सल्ला मिळून आपल्या विद्यार्थिनीचे बिल अठरा हजार रुपयांचे होते. ठेकेदाराचे हप्ते आम्ही वेळच्या वेळी दिले, कारण न दिल्यास तो काम थांबवतो. तिचे बिल मात्र आठ महिने फायलीत राहिले. 'आपलीच मुलगी, देऊ सावकाश.' प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला मंडप आणि फराळावर त्याहून अधिक खर्च झाला. तिला निमंत्रण होते. ती आली, मागच्या रांगेत बसली आणि गेली. भाषणात तिचे नाव कुणी घेतले नाही. सूत्रसंचालन आमच्याकडे होते.

म्हणून त्या आठवीतल्या मुलाला आमचे उत्तर असे: बाळा, विश्वेश्वरय्या थोर होते आणि तुझे बाबा म्हणतात त्यालाही कारण आहे. ते कारण म्हणजे आम्ही.

नंतर एकदा आम्ही तिला विचारले, तुमच्या व्यवसायाला मान मिळावा म्हणून काय व्हायला हवे? तिने पगाराचे नाव आधी घेतले नाही. म्हणाली, "नाही म्हणायची सोय हवी, बाई. माझी फी ठेकेदार देणार असेल तर मी त्याला नाही कशी म्हणू? आणि मी नाही म्हटलं की दुसरा हो म्हणणार असेल, तर माझ्या नाही ला किंमत काय?" मग साइटवरच्या दिवसांविषयी बोलली. बायकांसाठी संडास नाही, म्हणून दिवसभर पाणी न पिता राहायचे. हिशेब रात्री घरी बसून करायचे. बिले वर्षवर्ष अडकायची. तिच्याबरोबर शिकलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण हे काम सोडून दुसरीकडे गेले आहेत.

तिचा मुद्दा कायद्याचाही आहे. आपल्या देशात सनदी लेखापालांसाठी १९४९ चा कायदा आहे, वकिलांसाठी १९६१ चा, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा. डॉक्टरांची नोंदणी तर असतेच आणि गंभीर चूक झाली तर ती रद्दही होऊ शकते. अभियंत्यांसाठी असा देशव्यापी कायदा झालेला नाही. मसुदे निघतात, चर्चा होते. १९२० मध्ये स्थापन झालेली अभियंत्यांची संस्था चार्टर्ड इंजिनीयर ही मान्यता देते, नगरपालिका आपापले परवाने देतात. पण चुकीची सही करणाऱ्याचा हा अधिकारच काढून घेणारी सबंध देशाची एक व्यवस्था नाही. मग पंधरा मिनिटांत पेन काढणारा आणि रात्री झोप न लागणारी, दोघांची सही एकाच भावाने विकली जाते.

आणि सरकारी नोकरीत नाही म्हणणे किती महाग पडू शकते, तेही मुलांना माहीत असावे. सत्येंद्र दुबे हे बिहारच्या सिवान जिल्ह्यातले, कानपूरच्या आयआयटीतून १९९४ मध्ये सिव्हिलची पदवी घेतलेले अभियंता. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातले गैरव्यवहार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्राने कळवले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. २७ नोव्हेंबर २००३ ला पहाटे गयेत त्यांचा खून झाला. असे पत्र लिहिणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेत मंजूर व्हायला २०१४ साल उजाडले. पुढच्या अभियंता दिनी एका तसबिरीऐवजी दोन ठेवाव्यात, असे आमच्या मनात आहे.

देशाचा कायदा करणे आपल्या हातात नाही. शाळेचा कारभार आहे. म्हणून विश्वस्त मंडळींपुढे या पानावरूनच चार विनंत्या ठेवत आहोत. पहिली, प्रत्येक इमारतीच्या पाटीवर देणगीदारांच्या बरोबरीने अभियंत्याचे नाव, बांधकामाचे वर्ष आणि इमारत किती मजल्यांसाठी आखली आहे ते कोरावे. दुसरी, सर्व नकाशे, तपासण्यांचे अहवाल आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांचे सात व अठ्ठावीस दिवसांचे निकाल एका फायलीत, कुलुपात ठेवावेत. तिसरी, अभियंत्याची फी शाळेने थेट द्यावी आणि ठेकेदाराच्या शेवटच्या हप्त्याआधी द्यावी. चौथी, अभियंत्याने लेखी नकार दिला तर त्याच कामासाठी दुसरी सही शोधू नये. शंका असेल तर तपासणी करावी. हे चार मुद्दे पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आम्ही घातले आहेत. सोबत २०१८ चे ते इतिवृत्तही ठेवू, आमच्या वाक्यासकट.

पालकांना विनंती इतकीच. आपण घर बांधताना फरशीच्या रंगावर महिनाभर विचार करतो आणि सळ्या किती घालायच्या हे मिस्त्रीला विचारतो. मिस्त्री अनुभवी असेलही, पण हिशेब अभियंत्याकडून करून घ्या, त्याची फी घासाघीस न करता द्या आणि स्लॅब भरल्यावर तराईला स्वतः उभे राहा. आणि मुलाने किंवा मुलीने सिव्हिलचे नाव काढले तर लगेच नाक मुरडू नका. आम्ही ते एकदा केले आहे. नशीब, तिने आमचे ऐकले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, पावसाळा संपला की आठवी-नववीची सहल यंदा तिघऱ्याला जाईल आणि परतताना मोतीझीलचे जलशुद्धीकरण केंद्र पाहता यावे असा प्रयत्न आहे. बांधावर उभे राहून १९१७ ची गोष्टही ऐकायची आहे. ती सांगायला आपली ती माजी विद्यार्थिनी येणार आहे. तिने होकार देताना एक अट घातली. म्हणाली, "बाई, मुलांना मी आधी वरांड्यातले ते दोन खांब दाखवणार. मग तिघरा."

आम्ही हो म्हटले आहे.

आपली,
प्राचार्या